लॉरेन्सची बाजू

रीडिंग,
२० जानेवारी

प्रिय यतीन भावजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे बेसिंगस्टोकला मजेत असाल, असं धरून चालते. इथे थंडी नेहमीची आणि बॉयलर नेहमीसारखाच रुसलेला. सियाला लीड्समध्ये नोकरी लागली, पण ते तिनं माझ्याआधी तुम्हाला कळवलं असणार. तुमचं काका-पुतणीचं गूळपीठ मला काही मोडता आलेलं नाही.

संक्रांतीला तुम्ही बेल वाजवलीत, मी दार उघडलं नाही. दाराशी ठेवलेले तिळाचे लाडू मात्र खाल्ले. पाक जरा पुढे गेला होता.

परवा तुमचा व्हॉइसमेल ऐकला आणि कागद घेतला. फोनवर मला रडू येईल आणि तुम्ही डॉक्टरी आवाजात समजूत घालाल, ते मला नको आहे.

आपली रविवारची जेवणं आठवतात? पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांच्या बंडात उतरलेला तो इंग्रज अधिकारी लॉरेन्स, तुमच्या दादाचं दैवत. अरबांसारखा झगा घालून, उंटावर बसून त्यानं तुर्कांची रेल्वे कशी उडवली, हे ऐकत मी कितीदा भात पुन्हा गरम केला असेल. माझं म्हणणं एकच असायचं. तो मुलूख इंग्रज आणि फ्रेंचांनी आपसात आधीच वाटून घेतलाय, हे त्याला कळलं होतं. तरी 'लढा, तुमचं राज्य येईल' असं तो सांगत राहिला. रघुवीर म्हणायचा, "मनात जळत होता गं तो. पुढे मानसन्मानसुद्धा नाकारले त्यानं." तुम्ही म्हणायचात, "वहिनी, ही वॉज ओन्ली द मेसेंजर." मी म्हणायचे, "ज्याला माहीत होतं, त्यानं सांगायला हवं होतं." मग तुम्ही दोघे हसायचात आणि मी ताटं उचलायचे.

गेल्या वर्षी नाशिकच्या लग्नाला मला तुम्हीच धाडलंत. "वहिनी, डोन्ट वरी, गॉलब्लॅडरचं दुखणं आहे. निर्धास्त जा, मी आहे ना इथे." तुम्ही डॉक्टर, मी ऐकलं. तिकडे मी हातावर मेंदी काढून पंगतीत जिलबी वाढत होते आणि इकडे माझा नवरा जात होता. परतले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, ओळख नव्हती. नर्स सहज म्हणाली, सप्टेंबरपासून तुम्हाला किती कठीण गेलं असेल. तेव्हा मला कळलं की कॅन्सर होता, आणि ते तुम्हा दोघा भावांना सप्टेंबरपासून माहीत होतं. माझ्या वाट्याचे महिने तुम्ही आपसात ठरवून टाकलेत.

दादानं शपथ घातली होती, असं तुम्ही क्रिमेटोरियममध्ये सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून सगळा राग तुमच्यावर काढला. तो अजून पुरता गेलेला नाही, हेही सांगून ठेवते.

परवा तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादा डॉर्सेटला तुम्हाला सांगणार होता. त्यासाठीच तर नेलं होतं तुम्हाला. मग का नाही सांगितलं, आय रिअली डोन्ट नो."

मला माहीत आहे, भावजी.

त्या सप्टेंबरनंतरच्या ऑक्टोबरात आम्ही तिथे लॉरेन्सचं घर पाहायला गेलो होतो. एवढंसं घर, आत वीज नाही, दारावर ग्रीक अक्षरं कोरलेली. "कशाला काळजी, असं काहीतरी लिहिलंय," रघुवीर म्हणाला. मग बाहेर बाकावर बसलो. फार चाललो नव्हतो, तरी त्याला धाप लागली होती. थर्मासमधला चहा त्यानं न पिता नुसता हातात धरला होता.

"मीनाक्षी, खरं सांग. त्यानं त्यांना सांगून टाकायला हवं होतं का गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न भांडण उकरायला विचारलेला नव्हता. ते माझ्या लक्षातच आलं नाही. मला दिसला तो त्याचा उतरलेला चेहरा. म्हटलं, एवढा थकलाय, आजच्या दिवस जिंकू दे याला. आणि मी म्हणाले, "नाही रे. नाही सांगितलं तेच बरं केलं. कळलं असतं तर बिचाऱ्यांचे ते आशेचे दिवससुद्धा गेले असते."

त्यानं हातातला चहा गवतावर ओतून दिला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "चल, फिश अँड चिप्स खाऊ." परतताना गाडीत मी गुणगुणत होते, भावजी. त्याला खूश केलं म्हणून मी खुशीत होते.

ते माझं मत नव्हतं. कधीच नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी कुठेही गेले नसते. त्याच्या उशाशी बसून रोज त्याच्याशी भांडले असते.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तुम्ही यायचं आहे. पण त्याआधी एका रविवारी जेवायला या. मी वरणभात करीन. पानावर बसलात की लॉरेन्सचा विषय काढा आणि दादाची बाजू घ्या, अगदी त्याच्यासारखी, जोरात. त्या बाकावर द्यायचं राहिलेलं उत्तर मला द्यायचं आहे. या वेळी मी माघार घेणार नाही.

तुमची,
आजही त्याच मताची,
मीनाक्षी वहिनी