बॅटरी बदला म्हणणाऱ्या अण्णांना

अण्णा, तुमच्यावर चिडले आहे मी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दुकानापुढचा रस्ता वर आला आणि आपली पायरी खाली गेली, पण तुमचं एक वाक्य काही जायला तयार नाही. 'नासलेलं दूध आन् बसलेली बॅटरी, दोन्हीला औषध न्हाई.' गावातलं कुणीही येतं, गाडीचं दार उघडायच्या आधी मला हे ऐकवतं आणि वर म्हणतं, तुजे वडीलच सांगायचे की. मी तुमची मुलगी, तुमच्याच खुर्चीवर बसलेली, हातात मीटर, आणि माझ्याशी वाद घालायला लोक माझ्याच वडिलांना घेऊन येतात.

वाक्य तुमच्या काळात खरं होतं, हे मला मान्य आहे. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या त्या काळ्या जड बॅटऱ्या. तुम्ही झाकण काढून काचेच्या नळीत ॲसिड ओढून घेता, नळी उजेडाकडे धरता, एक डोळा मिटता. समोरचा माणूस डॉक्टरपुढे बसल्यासारखा गप्प. मग तुम्ही ते वाक्य बोलता आणि तो मुकाट्यानं नवी बॅटरी घेऊन जातो. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तुमचा शर्ट खिडकीसमोर धरून ॲसिडनं पडलेली भोकं बघते आणि म्हणते, "ह्यो शर्ट हाय का चाळण?" तुम्ही भाकरी मोडता मोडता हसता. त्या घरात आणि त्या दुकानात तुमचं म्हणणं कधी कुणी खोडलं नाही. ते आता मला निस्तरावं लागतंय.

कारण आता हायब्रीड गाड्या आल्यात. तुम्ही त्या पाहिल्या नाहीत. त्यात पेट्रोलचं इंजिन असतं आणि सोबत विजेची मोटर. मोटरीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली बसते आणि गाडी चालताना, ब्रेक लावताना आपली आपण भरत राहते. शिवाय आपल्या नेहमीच्या ओळखीची छोटी बॅटरीही असतेच. या दोन वेगळ्या आहेत हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. छोटी बसते, गाडी चालू होत नाही, आणि घरात सुतक, मोठी गेली म्हणून. वॉरंटी संपली त्या दिवशी बॅटरीही संपली असं धरून चालणारे आहेत, जसं काही आत कॅलेंडर टांगलंय. रात्री घरच्या प्लगला लावायला विसरलो म्हणून खराब झाली का, असं एक प्राध्यापक मला विचारत होते. त्या गाडीला प्लगच नव्हता. या सगळ्यांवर मी हसून घेते. पण पान्हा घेऊन स्वतःच सीट उचकटायला निघतात त्यांच्यापुढे मात्र हात जोडते, कारण मोठ्या बॅटरीच्या त्या नारिंगी वायरींत माणसाला जागच्या जागी मारायची ताकद असते. उत्तर काय मिळतं? अण्णा तर उघड्या हातानं करायचे.

टॉवेलवाले काका तुम्हाला आठवतच असतील, तुमचे सकाळच्या चहाचे सोबती. घरात तेलुगू, आपल्याशी मराठी, आणि माग अजून चालू आहेत त्यांचे. काकूंच्या किडन्या गेल्यात. डायलिसिसला दिवसाआड न्यावं लागतं. त्यासाठीच काकांनी हायब्रीड गाडी घेतली, कारण ती आवाज करत नाही, हिसका देत नाही, आणि परतताना मागे आडवं होऊन काकूंचा डोळा लागतो. या उन्हाळ्यात गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला आणि ती दम लागल्यासारखी चालू लागली. काकांच्या मेव्हण्यानं फोनवरच निदान केलं, बॅटरी गेली, आता पेट घेणार. गाडी शेडात गेली. काकू रिक्षातून जाऊ लागल्या आणि येताना दर वेळी वाटेत थांबून उलटी करू लागल्या. मेव्हण्यानं तोवर पुण्यातल्या कुठल्याशा ठोकलेल्या गाडीची जुनी बॅटरी ठरवून टाकली. काका माझ्याकडे आले ते फक्त, आमची काडून ठेव, एवढं सांगायला.

मी म्हटलं, तपासू तरी द्या. काका म्हणाले, "तपासायचं काय त्यात, दिवा लागलाय की." मी म्हटलं, दिवा लागला म्हणजे बॅटरी मेली असं नसतं, तिला कसला तरी त्रास होतोय एवढंच. "काय सांगायलीस बाई तू. अण्णा असते तर एका नजरंत सांगितले असते." मी दात आवळले आणि यंत्र जोडलं. एकेका सेलचा आकडा बघितला, गाडी चालवून, जोर देऊन बघितला. सगळे सारखे. बॅटरी धडधाकट होती, फक्त तापत होती. मग मागचं दार उघडलं आणि माझं मलाच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आपल्या गावात गाडी घेतली की पहिल्या दिवशी सीटवर चादर पडते. काकांची तर घरच्या मागावरची, जाडजूड, काकूंची पाठ दुखू नये म्हणून दुहेरी घातलेली, सीटवरून थेट पायाशी सोडलेली. तिच्याखाली ती जाळी होती जिच्यातून पंखा बॅटरीसाठी हवा ओढतो. जाळीमागची गाळणी काढली तर टॉवेलांच्या तुसाचा थर, गुलाबी, हिरवा, उशी भरता येईल एवढा. कारण दिवसाआड काकू आणि मधल्या दिवशी टॉवेलांचे गठ्ठे, गाडी तीच. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, किती मायेनं बॅटरीचा श्वास कोंडला होता काकांनी.

साफ केलं. भर उन्हात कुंभारी गावापर्यंत जाऊन आलो, दिवा लागला नाही. काका खूश होतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "आज गेला, उद्या लागंल. तिला घेऊन मधीच बंद पडली तर? न्हाई, तू काडच ती." किल्ली त्यांनी टेबलावर माझ्यापुढे सरकवली. हट्ट नव्हता तो, भीती होती, आणि भीतीला आकडे दाखवून काय उपयोग. तरी मी दाखवले. पुण्याची ती जुनी बॅटरी कुणी कशी वापरलीय, किती दिवस नुसती पडून आहे, तिच्यात एखादाच सेल कुणी बदललाय का, कुणाला ठाऊक नाही, हेही सांगितलं. तुम्ही मला एकदा दुकानात चारचौघांसमोर झापलं होतं, आठवतं? मी डिप्लोमाला होते, जुन्या बॅटरीत एकच सेल नवा टाकून शहाणपणा केला होता. तुम्ही म्हणालात, "एक तरणा बैल आन् पाच म्हातारे, गाडी वडणार कोण? शिकलीस तरी काय?" मी रडले होते. आणि या नव्या बॅटऱ्यांतही अगदी तसंच होतं, एक बदलला की थोड्या दिवसांनी शेजारचा जातो. तिथं तुम्ही आजही बरोबर आहात. तुमचं ते वाक्य मात्र कुणाला आठवत नाही, याचाही मला राग येतो.

काका खाली बसले. म्हणाले, "खरं सांग, अण्णा असते तर काय केले असते?" मी सकाळपासून बोलून बोलून थकले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा जाताना मला सांगून गेलेत, काका. पुढं नव्या तऱ्हेच्या गाड्या येतील. त्यांची बॅटरी बदलायच्या आधी तिला वारा मिळतोय का बघ, म्हणाले." काकांनी डोळे पुसले. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय," म्हणाले, आणि किल्ली घेऊन उठले. पुण्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू गाडीतून गेल्या आणि परत येताना झोपल्या. त्या झोपेसाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोलेन.

पण परवा अक्कलकोटचा एक अनोळखी माणूस हायब्रीड घेऊन आला आणि उतरता उतरता मलाच शिकवू लागला, "ताई, तुमचे वडील म्हणायचे म्हणं, बदलायच्या आदी वारा बघा." मी म्हटलं, हो, म्हणायचे. एवढी वर्षं मी इथं बसून घसा कोरडा करते आहे, आणि माझं पहिलं वाक्य गावाबाहेर गेलं ते तुमच्या तोंडून. शेवटच्या दिवसांत तुम्ही बॅटरीबद्दल काहीच बोलला नव्हतात. दुकान मी चालवीन की नाही, यावरही नाही. मी उशाशी बसून वाट पाहिली होती. तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून मीच तुम्हाला म्हणायला लावलं. आणि त्या माणसाला हो म्हणताना, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. वाक्य माझं आहे, अण्णा. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.