शिवेवरची बोळवण

मु. सावंगी, जि. परभणी
११ जुलै १९५२

सौ. केशर हीस,

तिकडे सगळे बरे असाल असे धरून लिहितो. म्हैस व्याली. तू लावलेला कढीपत्ता दाराहून उंच झाला आहे.

चुडावा स्टेशनवरून आणलेले वर्तमानपत्र परवा पारावर वाचून दाखवले. कोरियाच्या लढाईत रोगाचे जंतू टाकल्याचा आरोप आहे. जंतू हत्यार म्हणून वापरायचे नाहीत, असा कागद देशांनी सत्तावीस वर्षांपूर्वीच केला. पण खरेखोटे पाहायला कोणाला आत येऊ द्यायचे, यावर भांडण.

सटवाजी म्हणाला, "लय वाईट लोक हायती, गुरुजी. दुसऱ्याच्या घरात रोग टाकतेत?"

आप्पाराव म्हणाले, "आन् आपला गाडा कुटं सोडला व्हता रे? किशनरावाच्या शिवेतच ना?"

तुझ्या वडिलांचे नाव निघताच सगळे माझ्याकडे पाहू लागले.

पटकी आली की मरीआईचा गाडा पुढच्या गावच्या शिवेत नेऊन सोडायचा. आपण त्याला देवीची बोळवण म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्या गाड्यावर आजाऱ्यांची लुगडी-धोतरेही होती. ती तुमच्या ओढ्यात गेली. आठव्या दिवशी तुझा भाऊ सुग्रीव गेला. तू त्याच्या दिवसांना गेलीस, ती गेलीसच.

आता पाच गावांनी ठरवले आहे. गाडा शीव ओलांडणार नाही. पटकीची खबर आली की शेजारगावचा एक माणूस येऊन घरोघर पाहील, त्याला अडवायचे नाही. पलीकडच्या गावचे आबासाहेब चिडले, "परक्यानं आमच्या घरात बघावं?" आप्पाराव म्हणाले, "तुमीबी आमच्या घरात बघा की."

तुमच्या गावासाठी मी माझे नाव दिले. तुमच्या गावाने ते मान्य करायचे आहे. माणूस खरे बोलणारा हवा, एवढीच अट.

गाडा तुमच्या शिवेत सोडला त्या दिवशी मी परभणीला होतो, असे तुला सांगितले होते. नव्हतो. बैल शिवेवर अडले. तेव्हा जुवाला खांदा मी दिला.

हे वडिलांना वाचून दाखव. मग माझे नाव ठेवा किंवा काढा.

सोमवारी शिवेपर्यंत येईन. पुढे बोलावले तरच. तू परत ये, असे लिहायला हात उचलत नाही. लेकीला सासरी धाडतात त्यालाही बोळवणच म्हणतात, एवढे मात्र रोज आठवते.

शिवेच्या अलीकडे उभा,
बन्सीधर