लॅचचं दार

१८ एप्रिल
पोहोचले. शिंगणापूर ते पुणे, एसटीच्या खिडकीचा गज सगळी वाट हाताला चटके देत होता. सुहासचं घर पाचव्या मजल्यावर. ईराचं पाळणाघर उन्हामुळे महिनाभर बंद, आणि सुहास, सुमेधा दोघांना ऑफिस. तीन वर्षांची नात कोण सांभाळणार? मी! सुहास म्हणाला, "आई, महिना नीट गेला तर इथंच राहा. गावाला एकटी काय करतेस?"

हे जाऊन सहा वर्षं झाली. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. मला राहायचंय इथं. कुणाला बोलले नाही, इथं लिहिते.

१९ एप्रिल
बेचाळीस! पंखा गरम हवाच फिरवतो. बाल्कनीच्या दाराला ओली चादर बांधली. ईरा चादरीखाली जाऊन बसली — "आजी, पाऊस ठिबकतोय!"

२१ एप्रिल
सुमेधा कामावरून आली तर दार सताड उघडं. "आई, दार लावत जा हो. हे शिंगणापूर नाही." बरोबर आहे तिचं. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. शनिदेवाच्या भरवशावर एक पडदा, आणि कुत्रं शिरू नये म्हणून बाहेर पडताना आडवी लावायची फळी. कडी-कुलपाची हाताला सवयच नाही. शिकेन. वाचायला चाळिशीत शिकले, ते काय सोपं होतं?

२२ एप्रिल
कलिंगड कापलं. ह्यांची फोड आपोआप बाजूला काढली गेली. ईराला दिली.

२४ एप्रिल
आज घडलं ते सगळं लिहिते.

दुपारी ईरा झोपली. गॅसवर वरण उकळत होतं. कचऱ्याचा डबा जिन्यापाशी ठेवायला चार पावलं गेले आणि जाताना दार ओढून घेतलं — कुत्रं शिरू नये म्हणून! पाचव्या मजल्यावर कसलं कुत्रं! खट्ट! लॅच आपोआप लागलं. किल्ली आत, मोबाईल आत, पोर आत, गॅस चालू.

शेजारच्या घरी धावले. तिथं एसी दुरुस्त करायला नियाज नावाचा माणूस आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि कमरेला दोरी बांधायला घेतली.
"मावशी, कुन्या गावच्या तुमी?"
"शिंगणापूर."
"मंग बरुबर हाय! तुमाला लॅच कुटून ठाऊक? आमी बी नगरचेच."
शेजारच्या बाल्कनीतून तो आमच्या बाल्कनीत उतरला. मी खाली बघितलं नाही. दार आतून उघडलं. वरण करपून कोळसा झालेलं, घरभर धूर. ईरा घामाने भिजलेली, पण गाढ झोपेत. गॅस बंद करून तिच्या उशाशी बसले.
जाताना म्हणाला, "कुनाला सांगू नगा, मावशी. मी बी न्हाई सांगनार."

कुणाला कळलंही नसतं. पातेलं घासून ठेवलं की झालं. पण दोघं घरी आल्यावर सांगून टाकलं. पोर त्यांची आहे.
सुहास ओरडला, "गॅस चालू होता, आई! काय झालं असतं, कल्पना आहे?"
"आहे."
"शनिवारी गावी सोडतो तुला. ईराचं बघू काहीतरी."
सुमेधा उठून आत गेली.

२५ एप्रिल
पिशवी भरली. रडले नाही. चूक माझीच. पण पुन्हा झाली तरी पुन्हा सांगेन.

२६ एप्रिल
निघायच्या वेळी सुमेधाने माझी पिशवी ओढून घेतली. सुहासला म्हणाली, "फेब्रुवारीत माझ्याकडून हेच झालं होतं. ईरा आत, गॅसवर दूध. किल्लीवाला येईपर्यंत अर्धा तास गेला. मी तुला सांगितलं नाही."
सुहासने पायातले बूट काढले. मी साड्या परत कपाटात लावल्या. राहू का, विचारलं नाही.