अकरा बातमीपत्रे आणि राहते घर

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा टीव्ही-रेडिओ दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी दाखला दिला नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणार कोण? घरात मी आणि पत्नी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. एक मुलगी होती, ती चार वर्षांपूर्वी गेली. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण सगळे तिचेच होणार होते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची बाल्कनी, पत्नी हयात असेपर्यंत तिचे. तिच्यानंतर पुतण्याचे. त्याच्या बापाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, त्यावर काडीचाही हक्क नाही. माझ्या लग्नात तो चारचौघांत म्हणाला होता, "बरंय दादा, भांडणं तरी होणार नाहीत." सगळे हसले. मीही हसलो. भांडणे पुष्कळ झाली. मी हरायला लागलो की दिवा बंद करायचो. अंधारात तिला बोलता येत नाही. भावाला मी माफ केलेले नाही, पण हे लिहिताना त्याचा गुन्हा माझ्यापेक्षा लहान वाटतो.

कलम २. दुकानातली हत्यारे शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळवाल्याला द्यावीत. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच त्याने नऊ वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला आहे. तो आता त्याचाच समजावा.

कलम ३. बँकेतली ठेव पत्नीची. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

कलम ४. टीव्हीखालचे काळे खोके. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

हा एका कार्यालयाच्या खिडकीवरचा जुना छोटा संगणक. जेवणाच्या डब्याएवढा, पंखा नाही, रात्रीच्या लहान दिव्याइतकी वीज खाणारा. भंगारात निघाला तेव्हा मी उचलून आणला. त्याला बाल्कनीतला अँटेना जोडला, एक जुनी हार्ड डिस्क लावली आणि रोज पाचच्या बातम्या टिपून ठेवायला शिकवले. कारण मुलगी तेव्हा टीव्हीवर लागली होती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोलात उभी राहून ती ऐकू न येणाऱ्यांना हातांनी बातम्या सांगायची. आणि पाच वाजता तिची आई कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणांच्या मशीनवर असायची. सातला घरी यायची, चप्पल काढायची आणि खोक्यातली मुलगी बघायची. बातम्या संपताना मुलगी बातमीत नसलेले एक वाक्य हातांनी घालायची: जेवलीस का? त्याबद्दल वरिष्ठांनी तिला दोनदा समज दिली. आई पडद्याला उत्तर द्यायची.

डिस्क भरली की सर्वांत जुने पुसून नवे ठेवायचे, ही सोय मीच बसवली. मुलीला मोठ्या तोऱ्यात सांगितले, "याच्याकडे बघायलाच नको. आपलं आपण झाडून घेतं." ती म्हणाली, "बाबा, दुकानातही बसवा की असलं काहीतरी."

नऊ दिवसांच्या तापात ती गेली. आम्ही टीव्हीवर चादर टाकली. तेरा महिने ती चादर कोणी उचलली नाही. खालचे खोके मात्र चालू होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. पंखा असता तर घरघरीने तरी आठवण झाली असती. ते इमानेइतबारे रोज पाच वाजता बातम्या टिपत होते. गोलात आता दुसरी मुलगी होती. तिचे एक ठेवले की माझ्या मुलीच्या दिवसांतला एक पुसला जायचा. चादर काढली तेव्हा मुलीची अकरा बातमीपत्रे उरली होती. जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केले आणि एक बटण बंद करायचे विसरलो.

रागाच्या भरात मी त्या नव्या मुलीची सगळी बातमीपत्रे पुसून टाकली. तिचा दोष काय, तर ती गोलात उभी होती.

पत्नीने विचारले, बाकीची कुठे? मी अँटेनाकडे बोट दाखवले, मग आभाळाकडे, आणि हातांनी वीज पाडून दाखवली. तिने मान डोलावली. इथे सांगितले पाहिजे की वयाच्या चौथ्या वर्षापासून मुलगीच आमची दुभाषी होती. चहा, पाणी, ये, जा, जेव, एवढ्या खुणांवर मी संसार केला. बाकीचे "तिला सांग गं" म्हणून भागायचे. मध्ये कोणी नसताना पत्नीला सांगितलेली ही माझी पहिली लांब गोष्ट, आणि तीच खोटी.

त्यानंतर मी तिची भाषा शिकलो, त्या अकरा बातमीपत्रांवरून. निवेदक शब्द बोलला की चित्र थांबवायचे आणि मुलीचे हात बघायचे. मला पूर येतो, संप येतो, तापमान, मंत्री, नुकसान, जबाबदार येते. चौकशी समिती तर मी झोपेतही नेमू शकतो. क्षमा येत नाही. भीती येत नाही. अकरा बातमीपत्रांत ते शब्द कुठेच नाहीत. नव्या मुलीच्या तेरा महिन्यांत कोणीतरी कोणाची माफी मागितली असेलच, पण ती मीच पुसली.

पत्नीला कपड्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे वाचता येत नाही. म्हणजे हे कलम ज्या एका माणसासाठी लिहिले, तिच्यापर्यंत ते पोचणार नाही.

कलम ५. म्हणून, गोलातल्या त्या नव्या मुलीने माझ्यामागे एकदा या घरी यावे आणि कलम ४ माझ्या पत्नीला हातांनी सांगावे, अशी विनंती आहे. काही गाळू नये. तिला दोन पत्रे पाठवली, उत्तर आलेले नाही. वकील म्हणाले, "काका, असं कलम कुणावर बंधनकारक नसतं." ठाऊक आहे.

कलम ६. खोके पुतण्याकडे जाईल. टिपण्याची सोय मी बंद केली आहे, ती परत चालू करू नये. अकरा बातमीपत्रांच्या प्रती कपाटात तीन डब्यांत आहेत. रोज सातला एक लावावे आणि संपले की पत्नीसमोर उजेडात बसून तोच प्रश्न आपणही विचारावा. त्याला बोलावून शिकवायला बसलो. तो म्हणाला, "काका, हे सगळं आता फोनवर मिळतं ना." मिळत नाही. केंद्राला तीनदा लिहिले, ते जुने ठेवत नाहीत. मग त्याने खूण करून दाखवली, एकाच हाताने. एका हाताने 'जेव' होते, प्रश्नाला दुसरा हात लागतो. दुसऱ्या हातात फोन होता. त्याच्याकडून मला आशा नाही. घर तरीही त्याचेच, कारण दुसरे कोणी नाही.

एवढे लिहून झाले तेव्हा पत्नी स्वयंपाकघरातून आली आणि काय लिहितोस म्हणून तिने विचारले. मृत्युपत्राची खूण मला माहीत नाही. मी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे होते ते शब्द तिच्यापुढे मांडले. वीज पडली नाही. चौकशी झाली. नुकसान मोठे. जबाबदार, मी.

तिने बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी विचारले, जेवलास का?

तिला समजले की नाही, मला समजले नाही. म्हणून कलम ५ कायम ठेवले आहे.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक : चौदा मार्च, संध्याकाळी साडेसात

(सही) मृत्युपत्र करणार

आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार १ : (सही) दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई