आयव्हीच्या उबेची तजवीज

मी, हेस्टर मार्गारेट ऑर्मरॉड, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, राहणार ७, हेदर टेरेस, नेल्सन, लँकशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ज्यांना तरीही शंका असेल त्यांनी पुढचे वाचून खात्री करून घ्यावी. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. राग मात्र आहे, आणि रागाच्या भरात केलेले मृत्युपत्रही कायद्याला चालते, हे मी वकिलाला विचारून घेतले आहे.

१. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे आजपासून रद्द समजावीत. विशेषतः ज्यात हे घर माझा भाचा रसेल याला दिले होते ते. त्याची एक प्रत रसेलकडे आहे. ती त्याने जाळावी, तेवढीच ऊब.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जॅनेट सटक्लिफ हिने करावी आणि पुढे सांगितलेल्या पैशांची विश्वस्तही तीच असावी. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता हिशेबतपासनीस आहे. शाळेत तिचा केक कधी फुगला नाही, पण तिची बेरीज कधी चुकली नाही, आणि ती रसेलला घाबरत नाही.

३. हेदर टेरेसवरचे हे घर माझ्या थोरल्या बहिणीने, आयव्ही ऑर्मरॉडने, हयात असेपर्यंत वापरावे. संपूर्ण घर. पुढची खोली, मागचे स्वयंपाकघर, जिना, वरच्या दोन झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर. एकेक नाव मुद्दाम लिहिले आहे. तिला एका खोलीत बसवून बाकीची दारे लावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, तिच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा नाही. तिच्या पश्चात घर विकावे आणि पैसे गिरणीच्या धुळीने छाती गेलेल्या कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत. कोणती संस्था ते जॅनेटने ठरवावे.

आयव्ही पंधराव्या वर्षी गिरणीत गेली. कापूस पिंजण्याच्या खात्यात तिने चौतीस वर्षे काढली. मी अठराव्या वर्षी लीड्सच्या कॉलेजात गेले, तेव्हा माझ्या अंगावर जो लोकरी कोट होता तो तिच्या पगारातून आला होता. मी तिथे इंधनांची तुलना, पोषण आणि कपड्यांची निगा शिकले. तिने तेवढ्या काळात कापसाची धूळ छातीत भरून घेतली. थंड हवा आत गेली की तिची छाती शिट्टीसारखी वाजते. हे रसेलला लहानपणापासून माहीत आहे. पोरगा असताना तो त्या आवाजाची नक्कल करून दाखवायचा.

४. घर रसेलला का नाही, याचे कारण कागदावर असावे, कारण मी गेल्यावर तो ते दुसरेच सांगेल.

गेल्या जानेवारीत मागच्या दाराशी बर्फावर घसरून माझे खुब्याचे हाड मोडले आणि मी दवाखान्यात पडले. घराची किल्ली आणि आयव्ही, दोन्ही मी रसेलच्या हाती दिली. त्याने पहिल्याच आठवड्यात आयव्हीचा पलंग पुढच्या खोलीत आणला, तिथली गॅसची शेकोटी पेटवून दिली, अख्खे घर तापवणाऱ्या सेंट्रल हीटिंगचा बॉयलर बंद केला आणि थर्मोस्टॅटवर प्लॅस्टिकची कुलूपबंद पेटी बसवली. कचेऱ्यांत कारकुनांनी हात लावू नये म्हणून बसवतात तशी. पेटी पारदर्शक होती. आयव्हीला आतली चकती दिसत होती, फिरवता येत नव्हती.

मला यातले काहीही माहीत नव्हते. फेब्रुवारीत एके दिवशी नर्स गोळ्या घेऊन आली आणि म्हणाली, "मिस ऑर्मरॉड, वर छातीच्या वॉर्डात अजून एक मिस ऑर्मरॉड आल्यात. तुमच्यातल्याच का कुणी?"

मी चाकाच्या खुर्चीतून वर गेले. आयव्हीने नाकावरचा मास्क बाजूला केला.

"अगं, तू कशाला आलीस? तुझं हाड सांधायचंय अजून."

"घर गरम होतं का?"

"शेकोटी होती की."

"आणि वर?"

"वर जायचंच कशाला, म्हणाला रसेल. मग मी दुपारनंतरचा चहा सोडला."

"चहा कशाला सोडलास?"

"संडास वर आहे ना गं. त्या गारठ्यात जिना चढायचा म्हणजे... नकोच ते. मास्क लावू दे मला, ती नर्स ओरडते."

लँकशायरमधल्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाईने चहा सोडला. ज्यांना या वाक्याचे गांभीर्य कळत नाही त्यांनी माझे मृत्युपत्र वाचू नये.

संध्याकाळी रसेल द्राक्षे घेऊन आला. तो म्हणाला, "आत्या, तू चिडणार, माहितीय मला. पण आधी बिल बघ. निम्म्याच्याही खाली आणलंय!"

"तू आधी तिची छाती बघ."

"तिची छाती आधीपासूनच तशी आहे, आत्या. गिरणीची देणगी ती. मी काय केलं त्यात? उलट शेकोटी लावून दिली."

"आणि बॉयलरला कुलूप."

"मग काय! एका माणसाला अख्खं घर तापवायचं? कोण करतं असं?"

"तू करतोस. नऊ रेडिएटर आहेत तुझ्या घरात, मी मोजलेत. न्हाणीघरात टॉवेल तापवायची दांडी आहे ती वेगळी."

"ते वेगळं आहे गं. डेनिसला थंडी सोसत नाही."

डेनिस म्हणजे त्याची बायको. एकावन्न वर्षांची आहे, रोज पोहायला जाते. तर अशा रीतीने रसेलच्या घरचे टॉवेल माझ्या बहिणीपेक्षा उबदार होते. द्राक्षे मी शेजारच्या बाईला दिली.

५. रसेल माझ्या अंत्यविधीनंतरच्या हॅम आणि चहाच्या वेळी चार लोकांत त्याचा हिशेब मांडील, म्हणून तो हिशेब मीच इथे मांडते. हा विषय मी तेहतीस वर्षे शिकवला आहे.

तो म्हणतो, शेकोटी पूर्ण लावली तर तासाला सात युनिट गॅस खाते आणि बॉयलर चोवीस. म्हणजे शेकोटी तिपटीहून स्वस्त. माझ्या वर्गातल्या तेरा वर्षांच्या मुलीने हे लिहिले असते तर मी वही परत दिली असती. बॉयलर चोवीस युनिट खातो तो सुरुवातीला. घर तापले की थर्मोस्टॅट त्याला थांबवतो. शेकोटीला थांबणे ठाऊक नाही. ती लावल्यापासून विझवेपर्यंत खातच राहते. शिवाय या जुन्या शेकोटीची जवळजवळ निम्मी ऊब धुराड्यातून वर जाते. ते पैसे देऊन आपण हेदर टेरेसवरची कबुतरे शेकतो. बॉयलरचे फार थोडे वाया जाते. पुढे, बॉयलर बंद म्हणजे नळाला गरम पाणी नाही. मग ते विजेवर तापवायचे, आणि विजेचे युनिट गॅसच्या तिप्पट भावाने. अंथरुणात घ्यायच्या रबरी पिशवीसाठी किटली, तीही विजेची. वरच्या खोलीत ओल धरून सुटलेला भिंतीचा कागद कोणत्याच बिलात येत नाही. तो मला मेमध्ये खरवडून काढावा लागला, म्हणजे शेजारणीच्या, नोराच्या मुलाला, मी काठी घेऊन शेजारी उभी होते.

हे सगळे धरले तर दोहोंतले अंतर रसेल सांगतो त्याच्या निम्मेही राहत नाही. पण अंतर राहते. मी लपवाछपवी करणार नाही. एकट्या माणसाने एकाच खोलीत बसायचे ठरवले तर गॅसची शेकोटी सेंट्रल हीटिंगपेक्षा स्वस्त पडते. बेरीज केली, मला मान्य आहे.

मात्र एकाच शेकोटीचे घर कसे असते ते मी पाहिले आहे. आमच्या लहानपणी वडिलांची खुर्ची जाळासमोर, तिच्या शेजारी भाऊ स्टॅन्लीची, म्हणजे रसेलच्या बापाची. मग आई, मग मी. आयव्हीची पाठ दाराला. दाराखालून वारा यायचा. कोणीतरी तिथे बसायलाच हवे होते आणि ती कुरकुर करत नसे, म्हणून ती. स्वस्त ऊब असते ती अशी. कोणाच्या तरी पाठीवर बचत होते. म्हणून १९७९ साली, पगार वाढला त्याच महिन्यात, मी या घरात सेंट्रल हीटिंग बसवले आणि गिरणी बंद झाल्यावर आयव्हीला राहायला आणले. स्टॅन्ली बघायला आला होता तेव्हा म्हणाला, "संडासात रेडिएटर! राणी येणारेय का?" मी म्हटले, आली आहे, वर आंघोळ करते आहे.

६. रसेलला मी पुढील गोष्टी देते: पुढच्या खोलीतली गॅसची शेकोटी, थर्मोस्टॅटवरची प्लॅस्टिकची पेटी आणि तिची किल्ली. पेटी त्याला ताबडतोब मिळावी. शेकोटी आयव्हीच्या पश्चात परवानाधारक माणसाकडून काढून घ्यावी, खर्च त्याने करावा. मी ती आत्ताच उखडणार होते, पण आयव्ही म्हणाली, "राहू दे ना. मला जाळ बघायला आवडतो." तेव्हा ती राहील. शेकोटी आणि बॉयलर एकाच वेळी, दोन्ही पूर्ण, चालू ठेवण्याची आयव्हीला मुभा आहे आणि त्याबद्दल तिला कोणी जाब विचारू नये.

७. किरकोळ. माझा स्वयंपाकघरातला तराजू आणि वजने जॅनेटला. शिवणयंत्र नोरा हार्ग्रीव्जच्या नातीला, ती शिवण उसवून परत घालायला तयार असेल तरच. टेकडीवरच्या आमच्या चॅपलला काहीही देऊ नये. तिथल्या समितीत मी अकरा वर्षे हीटिंगचा विषय मांडला आणि खजिनदार दर वेळी म्हणाले, "मिस ऑर्मरॉड, भक्तीची ऊब असली की बास." गेल्या डिसेंबरात बिचाऱ्या मिसेस टॅटरसॉलच्या शवपेटीमागे बसून त्यांना शिंका आवरत नव्हत्या. माझा विधी दहनगृहातच करावा. तिथे गरम असते, याची मी चौकशी केली आहे.

८. बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे आमच्याकडच्या पतपेढीत, असलेल्या माझ्या ठेवीतून फक्त एक काम व्हावे: आयव्हीचे घर तापवणे. जॅनेटने दर हिवाळ्यासाठी मागच्या पूर्ण हिवाळ्याच्या बिलाच्या दीडपट रक्कम बाजूला काढावी. बॉयलरची वार्षिक तपासणी त्याच ठेवीतून, पण वेगळी.

आता खरी अडचण. रसेलला मी अडवू शकते. आयव्हीला कोण अडवणार? माझा राग तिच्यावरही आहे. एप्रिलमध्ये आम्ही दोघी घरी आलो, नोराच्या मुलाने ती पेटी पेचकसाने उचकटून काढली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर चकती खाली फिरवलेली. आयव्ही दोन स्वेटर घालून बसली होती. मी विचारले तर म्हणाली, "थंडी ती काय, अंगावर चढवलं की झालं. त्या पोराला बोलू नकोस गं, त्याने पैसे वाचवायलाच केलं." ती सगळ्यांना क्षमा करते. रसेलला तिने मास्क काढायच्या आधीच केली होती. मी गेल्यावर ही बाई माझा पैसा जपून ठेवील, थंडीत बसून खोकेल आणि कोणी विचारले तर मजेत आहे म्हणून सांगेल.

जगात एकाच व्यक्तीला आयव्हीने क्षमा केलेली नाही. ती म्हणजे फिलिस एंटविसल, राहणार कोपऱ्यावरचे घर, वय चौऱ्याऐंशी, प्रकृती ठणठणीत. फिलिस गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट होती. १९५१ साली गिरणीची सहल ब्लॅकपूलला निघाली, तेव्हा ती भरल्या बसमध्ये आयव्हीला म्हणाली, "तू मागे जाऊन बस बाई, कापूस खोकतेस, माझा नवा कोट खराब होईल." तेव्हापासून आयव्ही तिच्याशी बोललेली नाही. समोरून फिलिस आली तर रस्ता ओलांडते, बर्फ असला तरी.

म्हणून मी असे ठरवते: दर वर्षी तीस एप्रिलला, त्या हिवाळ्यासाठी काढलेल्या रकमेतून जे काही न जळता उरेल ते सर्वच्या सर्व फिलिस एंटविसल हिला रोख देण्यात यावे. सोबत फुलांचे कार्ड असावे आणि त्यावर लिहावे, 'प्रेमपूर्वक, आयव्ही'. फिलिस आधी वारली तर तिच्या मुलीला द्यावे. मुलगी आईवरच गेली आहे.

हे कलम मी आज सकाळी आयव्हीला वाचून दाखवले, म्हणजे पुढे तिला माहीत नव्हते असे कोणी म्हणायला नको.

"उरलेले फिलिसला?"

"हो."

"माझ्या नावाने?"

"प्रेमपूर्वक."

"दुष्ट आहेस गं तू, हेस्टर. लहानपणापासून."

"असेन."

"आणि समजा एप्रिल आला नि थोडे उरलेच, तर?"

"खिडक्या उघड आणि बॉयलर लाव."

ती उठली. मला वाटले चहा टाकायला गेली. पण ती घरातल्या बोळात थर्मोस्टॅटपाशी थांबली होती. मागे बॉयलर धडधडत पेटला तो मी टेबलाशी बसून ऐकला. परत येऊन तिने विचारले, "हा हिवाळा धरायचा का त्यात?" मी म्हटले, धरायचा.

येथे माझे म्हणणे संपले. आठ कलमे मी लिहिली, पुन्हा वाचली, एकही शब्द मागे घेत नाही. खाली सही करताना दोन्ही साक्षीदार एकाच वेळी माझ्यासमोर हजर होते, त्यांनी मला सही करताना पाहिले आणि मग स्वतःच्या सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही. दोघांनीही आत आल्या आल्या अंगातले कोट काढले, कोणी न सांगता.

सही: हेस्टर मार्गारेट ऑर्मरॉड

साक्षीदार:
१. नोरा हार्ग्रीव्ज, विधवा, ९, हेदर टेरेस
२. अर्नेस्ट पिकप, निवृत्त पोस्टमन, ४, हेदर टेरेस

स्थळ: नेल्सन, लँकशायर, घराची पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१३