सारजाबाईची नाडी

खुलताबाद, ४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुरेखास अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझी आई शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र. दिवाळीत तिला घेरी आली तेव्हापासून, तू सांगितल्याप्रमाणे, मी रोज तिची नाडी मोजतो. मधेच एखादा ठोका गळतो, मग दोन घाईघाईनं येतात. काळजी वाटते. आणि एक कोडं काही सुटत नाही. काल ती भाकऱ्या थापून उठली, मी बाजेवर पडलेलो, तर नाडी संथ. आज मी दर्ग्याजवळचा चढ चढून आलो, ती पायरीवर निवांत गहू निवडत होती, तर नाडी नुसती पळत होती. बसल्या जागी असं कसं? तिला विचारावं तर म्हणते, मला काय बी झालं नाय. मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखव. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
नाना

पडेगाव, १२ नोव्हेंबर

ती. नानांस सा. न. वि. वि.

आईला दाखवलं. ठोके अगदी घड्याळासारखे. रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात. मग गळणारे ठोके तुम्हाला सापडले कुठून, याचाच विचार करत बसले. आईला सहज विचारलं, नाना हात धरतात कसा? ती लाजली, आणि माझ्या बांगड्या मागं सारून तिनं अंगठ्यानं मनगट दाबून दाखवलं.

नाना, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुम्ही इतके दिवस बहुतेक आपलेच ठोके मोजलेत. आता चहाआधी पाच मिनिटं शांत बसा, पहिली दोन बोटं स्वतःच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी टेकवा आणि पूर्ण मिनिटभर मोजा. जे लागेल ते लपवू नका, मला भीती वाटते. पाकीट आईच्याच हाती देतेय. तिला काही बोलले नाही. आमच्यावर लोभ आहेच, थोडा स्वतःवरही करा.

तुमची,
सुरेखा

खुलताबाद, १३ नोव्हेंबर

सौ. सुरेखास आईचा आशीर्वाद.

नानांनी तुझं पत्र वाचलं, मनगटाला बोटं लावली अन् विशेष काय नाय म्हणत पत्र खिशात घातलं. मी ते काढून वाचलं. मग त्यांचा हात ओढून दोन बोटांनी मीच मोजलं. ठोका गळतो गं. बागेतले पेरू उतरवून झाले की डॉक्टरकडं जाऊ म्हणाले. मी म्हणलं, इतके दिवस माझा हात धरून स्वतःचंच ऐकलं, आता माझं ऐकायचं. उद्या पहिल्या गाडीनं निघतो.

हे पत्र तुझ्या हातातच देईन. मला लई भीती वाटते, ती त्यांच्यापुढं बोलता यायची नाय. गाडीत त्यांचा हात मी सोडणार नाय.

तुझी,
आई