‘थांब’पुढचा स्वल्पविराम

शुक्रवार, दि. ११ जानेवारी

पाकिटावर तुझे संपूर्ण नाव लिहिले आहे: तुझे, माझे आणि आडनाव. त्याच्या अलीकडे काय लिहावे, येथे लेखणी अडली. ‘सौ.’ आता नियमात बसत नाही आणि ‘कै.’ लिहिण्यास हात धजत नाही. चाळीस वर्षे छापखान्यात इतरांच्या चुका सुधारलेल्या मुद्रितशोधकाला स्वतःच्या पत्नीचे नाव लिहिता येऊ नये, हे तू पाहिले असतेस तर तोंडावर हात ठेवून हसली असतीस. अखेर ती जागा कोरी सोडली.

पत्रास कारण की, उद्या तळ्याकाठच्या मैदानावर दिवसभर संगीत महोत्सव आहे. दुपारी चार वाजता तुझ्या सोळा शिष्या तुझे अखेरचे गीत म्हणणार आहेत. तुझ्यामागे तुझी धाकटी बहीणच त्यांना सांभाळते. आपली लेक टिंब जावई आणि नातीसह सकाळीच येऊन मला घेऊन जाणार आहे. मी नको म्हणालो, तिने ऐकले नाही. हा गुण तुझा.

तुझ्या गीतांच्या वहीची स्वच्छ प्रत मीच करून दिली, हे तुला कळवायचे राहिले. तुझे अक्षर लावताना दोन चष्मे पालटले. एकतीस गीते पूर्ण निघाली, एक चार ओळींचे अपूर्ण. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, विरामचिन्हे जागच्या जागी लावली. धाकटीने मूळ वहीही मागितली होती. मी दिली नाही. प्रत शुद्ध असताना मूळ कशाला हवे? तुझ्यासाठी करण्यासारखे एवढेच एक काम माझ्याकडे उरले होते. उद्या ते गीत तू लिहिलेस तसे म्हटले गेले, म्हणजे मी सुटलो.

दुपारपासून एका जागी बसवत नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून खिडकीशी. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी काही हरवले आहे काय, असे खिडकीतून विचारले. नाही म्हणालो.

येथील क्षेम यथातथाच.

तुझा, अर्थातच

*

रविवार, दि. १३ जानेवारी

ती. बाबांस,

टिंबचा सा. न. वि. वि.

काल तुम्हाला घरी सोडलं तेव्हा तुम्ही नुसतं ‘ठीक’ म्हणालात आणि आत गेलात. आज फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र तुम्ही न वाचता ठेवूच शकत नाही. फार तर चुका काढाल. काढा.

सकाळपासून तुम्ही चटईवर सलग दहा मिनिटं बसला नाहीत. कधी नळापाशी, कधी फाटकापाशी. फलकावरच्या ‘संगित’ची वेलांटी दुसरी करा म्हणून त्या बिचाऱ्या रखवालदाराच्या मागे लागलात. यांनी तुमच्या अकरा फेऱ्या मोजल्या आणि तुमचं नाव लंबक ठेवलं. तुम्ही एका जागी टिकावं म्हणून नातीने तुमच्या मांडीवर ठाण मांडलं, तर तिलाही कडेवर घेऊन निघालात.

आईचं गाणं लागलं तेव्हा मात्र तुम्ही अगदी पुतळ्यासारखे बसलात. मला बरं वाटलं. शेवटचा शब्द ‘थांब’. सगळ्या थांबल्या, मैदान शांत झालं, टाळ्या सुरू झाल्या, आणि तुम्ही उभे राहून मोठ्यांदा म्हणालात, “अजून आहे.”

बाबा, पुढच्या पाच रांगा वळून बघत होत्या. मावशी मंचावर पांढरीफटक पडली. मी तुमचा हात धरायच्या आत तुम्ही गर्दीत दिसेनासे झालात. अर्धा तास शोधलं. मग कर्ण्यावरून ऐकू आलं, की करड्या कोटातले एक आजोबा आपल्या माणसांची वाट पाहत आहेत. तुम्ही म्हणे, गाणं संपलेलं नाही अशी घोषणा करा, असं सांगायला गेला होतात. घोषणा करणाऱ्या मुलीने तुम्हालाच हरवलेल्यांत धरलं. हे अजून आठवून हसतात. मला हसू आलं नाही.

आईला जाऊन आठ महिने झाले. तुम्हाला नसलेलं ऐकू यायला लागलंय का, एवढंच मला सांगा. मावशीला वाटतंय तिच्याच हातून आईचं गाणं बिघडलं; घरी येईपर्यंत डोळे पुसत होती.

रागवा, पण गप्प बसू नका. तेवढी माया माझ्यावर असू द्या.

तुमची,
टिंब

*

मंगळवार, दि. १५ जानेवारी

चि. टिंब हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. त्यात चुका दोन आहेत, त्या पुढे केव्हातरी. मोठी चूक माझी आहे, ती आधी सांगतो.

काल मूळ वही काढून पाहिली. तुझ्या आईने पानाच्या अगदी तळाशी ‘थांब’ असे लिहून त्यापुढे स्वल्पविराम दिला आहे. ओळीच्या अखेरीस, पानाच्या अखेरीस, असा लोंबकळणारा स्वल्पविराम आमच्या धंद्यात अपराध समजला जातो. मी त्याचा पूर्णविराम केला. पान उलटल्यावर ज्या चार ओळी होत्या त्यांना बत्तिसावा क्रमांक दिला आणि खाली ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. त्यातील पहिली ओळ ‘हात पुसून मी येतेच आहे’ अशी आहे. आता दोन्ही सलग वाच.

गीत अपूर्ण नव्हते. मी ते मधोमध तोडले.

नसलेले मला ऐकू येत नाही. मी बाहेरच्या खोलीत मुद्रिते तपासत असताना ती स्वयंपाकघरात हेच गात असे. ‘थांब’ म्हणून गप्प होई आणि थोड्या वेळाने पुढे गाई. शब्द कागदावर पाहिले ते निराळे आणि भिंतीपलीकडून कानी पडत ते निराळे, अशीच माझी समजूत होती. मैदानावर ती गप्प होण्याची जागा आली, नेहमीइतका वेळ गेला, पुढचे काही आले नाही. तेव्हा उमजले. त्यानंतर बसून राहणे मला शक्य नव्हते.

तुझ्या मावशीचा यात तिळमात्र दोष नाही. तिला स्वतंत्र पत्र आणि मूळ वही आजच पाठवीत आहे. जावयांस सांगावे की लंबक चालू आहे.

आहे तो लोभ राखावा, शुद्धलेखनही राखावे.

तुझा,
बाबा

*

शनिवार, दि. १९ जानेवारी

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि.

वही पोचली. तुमचं पत्रही पोचलं. ताईचं अक्षर बघून आधी रडून घेतलं आणि मग तुमच्यावर चिडून घेतलं. दोन्ही झालं, आता कामाचं लिहिते.

पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहात आम्ही गाणं अख्खं म्हणणार आहोत. ऐकायला बाहेरचं कुणी नाही. पण एक घोळ आहे. ‘थांब’पाशी थांबायचं किती? वहीत मात्रा दिलेल्या नाहीत. आमच्यातल्या दंतवैद्यबाई म्हणतात चार, शिवणवाल्या काकू म्हणतात आठ, आणि परवा दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या.

मग मला एक आठवलं. ताई एकदा कपड्यांच्या घड्या घालताना हीच चाल गुणगुणत होती. मध्येच थांबली आणि एकटीच हसली. का हसलीस विचारलं तर म्हणाली, “इथे ह्यांचा खोकला येतो.” मी तेव्हा ते सोडून दिलं.

भाऊजी, काम करताना गाण्याचा त्रास झाला की तुम्ही बाहेरच्या खोलीतून खाकरायचात. तोंडाने कधी काही म्हणाला नाहीत, नुसतं खाकरायचात. ताई तेवढी थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. तिने तुमचा खोकला गाण्यात घेतला. तेव्हा किती थांबायचं, हे जगात एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे. या, समोर उभे राहा आणि खोका. मी थट्टा करत नाहीये.

मी चिडले होते ते मनावर घेऊ नका. घेतलंत तर मात्र मी पुन्हा चिडेन.

तुमची मेहुणी,
धाकटी

*

रविवार, दि. २७ जानेवारी

आज सभागृहात जाऊन आलो. ते तुला सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

माझ्या खाकरण्यामुळे तू वरमून गप्प होतेस आणि मग विसरून पुन्हा गातेस, असे मी इतकी वर्षे धरून चाललो. तुझ्या विसराळूपणाबद्दल मी दोन-चार वेळा तुला बोललोही होतो. तू कधी खुलासा केला नाहीस.

आठवडाभर घरी सराव केला. परिणामी डॉक्टरीणबाईंनी न मागता औषधाची बाटली पाठवली. सभागृहात टिंब, जावई आणि नात मागच्या बाकावर बसली होती. सोळा जणींसमोर मला उभे करण्यात आले. हाताचे काय करावे ते न कळल्याने ते कोटाच्या खिशात घातले. धाकटीने मान हलवली आणि त्यांनी सुरुवात केली.

‘थांब’ आले. सर्व थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. खोकला येईना. चार मात्रा निश्चित उलटून गेल्या, आठही गेल्या असाव्यात. एकीनेही पुढचा शब्द उचलला नाही. मागून नातीने आजोबांना काय झाले म्हणून विचारले, तिला टिंबने गप्प केले.

मग आला. धड नव्हता, पण माझाच होता. तो संपण्याआधीच त्यांनी ‘हात पुसून मी येतेच आहे’ हे उचलले आणि चारही ओळी पूर्ण म्हटल्या. मध्ये भिंत नसताना मी त्या प्रथमच ऐकल्या. तेवढा वेळ मी जागचा हललो नाही.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. दंतवैद्यबाई शिवणवाल्या काकूंच्या रुमालाने चष्मा पुसत होत्या. धाकटीने पेन्सिल काढून किती मात्रा लिहू, असे विचारले. काही लिहू नये, स्वल्पविराम आहे तसा राहू द्यावा, असे मी सांगितले. मग प्रत्येक वेळी तुम्हालाच यावे लागेल, असे ती म्हणाली. सवड पाहून कळवतो म्हणालो. सवड भरपूर आहे.

सर्व मंडळी पुढे गेली. सभागृहाच्या किल्ल्या शाळेच्या लिपिकबाईंकडून मीच आणल्या होत्या. खिडक्या लावल्या, दिवे मालवले. दाराला कुलूप घातले आणि दोनदा ओढून पाहिले. पाच वाजून दहा मिनिटांनी किल्ल्या लिपिकबाईंच्या घरी नेऊन परत केल्या.